उभं धरून

हौसिंग दोन लोखंडी घोड्यांवर उताणी पडली होती आणि दस्तगीरभाई तिच्या पोटावर खडूनं रेघा ओढत होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन नुसता उभा होतो, कारण बाकावर बसलेल्या सरनोबतांनी मला एक प्रश्न विचारला होता.

हौसिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जीपची पुढची दोन चाकं एका जाडजूड लोखंडी नळीच्या दोन टोकांना बसतात. नळीच्या मधे गिअरचा गोल डबा असतो आणि त्यातून एक शाफ्ट मागं गाडीच्या पोटाकडं जातो. ह्या सगळ्याला आम्ही हौसिंग म्हणायचो. जयकर सरनोबतांना जीप घेऊन चिखलातनं, ओढ्यातनं, दगडधोंड्यांतनं जायचा नाद होता. त्यापायी जीपची मूळची हौसिंग दोनदा वाकली, म्हणून त्यांनी भंगारातनं एका थोराड गाडीची हौसिंग उचलून आणली होती. पण परक्या गाडीची हौसिंग आपल्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, बसत नाही. तिच्या जुन्या बैठका ग्राइंडरनं कापून काढायच्या आणि आपले पाटे जिथं येतील तिथं नव्या बैठका वेल्ड करायच्या. ह्या जीपचे पाटे हौसिंगच्या खालून जातात. बैठका पोटाला मारायच्या, म्हणून ती उताणी पाडलेली.

तर सरनोबतांनी विचारलं होतं, मोठे टायर टाकल्यावर वळताना चाकामागच्या पत्र्याला घासतील काय. मी म्हटलं, घासतील. बैठकीचं भोक पाऊण इंच मागं पाडलं तर हौसिंग तेवढीच पुढं सरकेल, मग नाही घासणार. सरनोबतांनी मान हलवली, त्यांना ते पटलेलं दिसलं. आणि दस्तगीरभाई खडू न थांबवता म्हणाला, "साहेब, त्याला कशाला इचारताय? आमच्यात डोकं माझं, हात त्याचे. त्यानं डोकं चालवायला घेतलं तर मला दुसरा वेल्डर बघाय लागंल."

सरनोबत हसले. भाईही हसला. मीही दात काढले, दुसरं काय करणार.

भाई वाईट माणूस नव्हता, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. आमची भागी अकरा वर्षांची. गारगोटी रस्त्याला चार पत्र्यांची शेड टाकून दोघांनी गॅरेज काढलं तेव्हा त्याचं वय छत्तीस, माझं तीस. माझ्या लेकीच्या बारशाला त्यानं स्वतःच्या हातानं पाळणा घडवून आणला होता, त्याच्या कड्या अजून कुरकुरत नाहीत. गाडीचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारा त्याच्यासारखा मिस्त्री आमच्या भागात दुसरा नव्हता. पण गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या जिभेला काय व्हायचं कुणास ठाऊक. त्याला मला खाली दाखवल्याशिवाय वर बसता यायचं नाही. एकटे असलो की जोत्या, जोत्या करून जेवणाचा डबा माझ्यापुढं सरकवायचा. गिऱ्हाईक आलं की मी हात.

अकरा वर्षं मी हात होतो.

अर्ध्या तासानं भाई उठला, कमरेवर हात ठेवून हौसिंगकडं बघितलं आणि सरनोबतांना म्हणाला की मी विचार केलाय, बैठकीचं भोक पाऊण इंच मागं पाडूया, म्हणजे टायर घासायची भानगड नको. पाऊण इंचच म्हणाला. अर्धा नाही, एक नाही. सरनोबतांनी माझ्याकडं बघितलं, मी हातमोजे चढवत होतो.

आता आमच्या गॅरेजातली एक रीत सांगतो. गाडीचा भाग कापून, काढून जमिनीवर घेतला की तो कधी उताणा असतो, कधी कुशीवर. मग "वर" म्हणजे कुठलं वर? पहिल्याच वर्षी भाईनं सांगितलं "वरच्या बाजूला", मी मारलं वरच्या बाजूला, आणि टेम्पोचा एक हूक गाडीवर चढवल्यावर जमिनीकडं तोंड करून बसला. तेव्हापासून मी एक प्रश्न ठरवून टाकला. होल्डर टेकवायच्या आधी मी विचारायचो, "उभं धरून?" म्हणजे गाडी चार चाकांवर उभी आहे असं धरून बोलतोयस काय? भाई म्हणायचा, "उभं धरून," की मी मनात गाडी उभी करायचो आणि मग ठिणगी पाडायचो. दोन शब्द विचारायचे, दोन शब्द ऐकायचे. त्यानंतर कधी एक बैठक, एक हूक, एक कान उलटा बसला नाही. त्या भागातले इतर वेल्डरही पुढं तसंच विचारायला लागले. लोकांना वाटायचं ही रीत दस्तगीर मिस्त्रीची. भाईनं कधी नाही म्हटलं नाही.

बैठकीला कोन लागतो. चाक ज्या पिनवर डावं-उजवं वळतं ती पिन, गाडी उभी असताना, वरून थोडी मागं रेललेली लागते. तीन अंश म्हणा. मागं रेललेली असली की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. तीच पुढं झुकली, की गाडी जोरात निघाल्यावर ज्या बाजूला जरा वळेल त्या बाजूला आणखी ओढत जाते. हा कोन मोजायला आमच्याकडं माझ्या लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक होता. त्याला दोरा बांधून खाली एक नट लटकवलेला. हसू नका, त्या कोनमापकावर आम्ही वीस-पंचवीस गाड्या सरळ केल्या.

भाईनं कोनमापक पिनला टेकवला, दोरा स्थिर होऊ दिला, आणि पिनचं जे टोक छताकडं होतं त्यावर बोट ठेवलं.

"हे वरचं टोक. शाफ्टच्या बाजूला तीन अंश मागं घे. मग बैठका लेव्हलमधी ठिऊन मार."

मी त्याच्या बोटाकडं बघितलं. मग तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि आज दर टाक्याला इचारत बसू नगंस. साहेबांना रविवारी गाडी न्यायची हाय. सांगतोय तसं मारत जा."

मी मारत गेलो. हौसिंग फिरवून टोक तीन अंश घेतलं. बैठका ठेवल्या, लेव्हल लावली, प्रत्येक बैठकीला तात्पुरते धरायला चार टाके मारले. भाई येऊन कोनमापक लावून गेला, तीन म्हणजे तीन भरले. मग टाक्यांवरून पूर्ण वेल्डिंग घेतलं, एका दमात नाही, थांबून थांबून, आलटून पालटून, म्हणजे नळी उष्णतेनं वाकत नाही. तसं सुंदर वेल्डिंग मी आयुष्यात कमी वेळा केलं असेल. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक पडलेली ओळ. सरनोबत वेल्डिंगची काळी काच मागून घेऊन बघत राहिले. भाईनं त्यांना सांगितलं, हात सोन्याचे आहेत त्याचे. फक्त हात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हौसिंग गाडीखाली गेली. पाटे बसले, यू-बोल्ट आवळले, चाकं चढली. शाफ्ट जोडला तर असा सरळ बसला की भाई खाली झोपून बघत खूश झाला. म्हणाला, कोन चोख पडलाय, शाफ्ट बघ कसा रेषेत आलाय. मी त्याच्या शेजारी झोपूनच बघत होतो. मी हूं म्हटलं.

आमच्याकडं नव्यानं जोडलेली गाडी पहिल्यांदा भाईच चालवायचा. तो नाक्यापर्यंत जाऊन आला. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी आणि म्हशींनी भरलेला, गाडी काही दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. परत आला ते हसतच. स्टेअरिंग एका बोटानं फिरतंय म्हणाला, लोणी झालंय लोणी. सरनोबतांना बसवून त्यानं ते फिरवून दाखवलं. खरंच हलकं झालं होतं.

मग दोघं मोकळ्या रस्त्यावर पळवून बघायला निघाले. तळ्याकडं जाणारा रस्ता, तिथं वर्दळ नसते आणि पुढं लांब उतार आहे. भाईनं गाडी माझ्याजवळ आणून थांबवली.

"चल की जोत्या, बस मागं. तुझं काम हाय, बघ तरी कसं पळतंय."

मी म्हटलं, होल्डरची वायर तुटलीय, ती जोडून घेतो. तुम्ही जावा.

अर्ध्या तासानं दुधाची गाडी घेऊन येणाऱ्या माणसानं बातमी आणली. उतारावर जीपनं अचानक डावीकडं तोंड घातलं, भाईनं उजवीकडं ओढलं तर ती उजवीकडंच घुसली, आणि मोरीच्या कठड्याला धडकून उजव्या कुशीवर पडली. सरनोबत बाहेर फेकले गेले, खरचटण्यावर भागलं. भाई चालवत होता, उजव्या बाजूला. जीपला दार नव्हतं. हात बाहेर गेला आणि गाडी हातावर पडली.

कोल्हापूरला नेलं तेव्हा मी त्याच्या डोक्याशी बसून होतो. पूर्ण रस्ताभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर. उजव्या हाताची तीन बोटं गेली, राहिलेली दोन मनगटासकट आखडली. मिस्त्रीचा उजवा हात. डॉक्टरांनी सांगितलं ते भाईच्या बायकोनं, जैतूनभाभीनं, उभ्यानंच ऐकलं आणि मग खाली बसली.

तिसऱ्या दिवशी भाई बोलायला लागला. मी खाटेशी गेलो तर आधी तोच बोलला.

"जोत्या, माझं चुकलं. मी पडल्यापडल्या सगळं परत मनात लावून बघितलं. हौसिंग उताणी होती, आणि मी त्या वरच्या टोकावर बोट ठिवलं. ते खालचं होतं रे. तीन अंश मागं ऱ्हायलं, तीन अंश पुढं झालं. सहाचा फरक पाडला मी, मीच." त्यानं डोळे मिटले. "तुला सांगितलं तसं तू केलंस. तुझ्यावर कोण आळ घ्यायला लागलं तर मला सांग."

जैतूनभाभी उशाशी उभी होती. मी भाईच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, असू दे भाई, तू बरा हो आधी. लोकांना तेव्हा माझं कौतुक वाटलं. एवढं नुकसान होऊन माणूस भागीदाराला एक शब्द बोलला नाही म्हणाले.

होल्डरची वायर तुटलेली नव्हती.

भाईनं बोट ठेवलं त्याच क्षणी मला कळलं होतं. अकरा वर्षं जो माणूस दर टाक्याला मनात गाडी उभी करत आलाय, त्याला ते न कळायला काय झालं? कोनमापक तीन दाखवत होता आणि मला माहीत होतं की हे तीन उलट्या बाजूचे आहेत. शाफ्ट रेषेत आला तेव्हाही माहीत होतं, कारण बरोबर कोनात तो तसा रेषेत येत नाही, थोडा खाली झुकतो. "उभं धरून?" हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते आणि मी ते गिळले. तो म्हणाला ना विचारू नकोस, नाही विचारलं. तो म्हणाला ना सांगतोय तसं मार, तसं मारलं. मला त्याची जिरवायची होती. पोटातलं खरं सांगायचं तर तेवढंच. मला वाटलं होतं, नाक्यापर्यंत जाईल, स्टेअरिंग सरळ येत नाही हे त्याच्या हाताला कळेल, आणि तोंड पाडून परत येईल. मग सरनोबतांच्या समोर त्याला म्हणायला लागेल, जोत्या, चुकलं, काप. मी काच डोळ्यांवर घेऊन म्हणणार होतो, उभं धरून? एवढं माझं सगळं कारस्थान. बाजाराचा दिवस असेल आणि गाडी पळणारच नाही, हलक्या स्टेअरिंगवर तो भुलेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण परत आल्यावर मी बोलू शकलो असतो. त्यानं गाडी माझ्याजवळ आणून थांबवली होती, मला बस म्हणाला होता. मी त्याच्या तोंडाकडं बघून वायर तुटलीय म्हटलं. मला स्वतःला गाडीत बसायची भीती वाटली आणि त्याला जाऊ दिलं. हे मी कितीही बाजूंनी फिरवून बघितलं तरी कुठल्याच बाजूनं सरळ होत नाही.

भाई घरी आला आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं चार गॅरेजांत जाऊन सांगितलं की चूक माझी. मग व्हायचं तेच झालं. उताण्या हौसिंगवर वर-खाली न कळलेला मिस्त्री म्हणून पोरंसोरं त्याच्या नावानं हसायला लागली. तो गॅरेजात यायचा, स्टुलावर बसायचा, गाडीचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा, बरोबरच सांगायचा. पण गिऱ्हाईक त्याचं ऐकून घेऊन माझ्याकडं बघायचं. मी मान हलवली की मगच पाना लागायचा. एक दिवस तो आला नाही, मग आलाच नाही. त्याच्या घराण्यात पूर्वीपासून धार लावायचं काम. वडिलांचं पायानं फिरवायचं चाक माळ्यावर पडलं होतं ते त्यानं खाली काढलं आणि घराच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला लागला. मी भागी मोडली नाही, पाटीवर त्याचं नाव ठेवलं. पण लोक मला मिस्त्री म्हणायला लागले. सरनोबतांनी पुढची जीप माझ्याकडंच आणली, आणि बाकावर बसून प्रत्येक गोष्ट मला विचारून केली. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं बघा.

ह्याला आता पंचवीस वर्षं झाली. भाई जाऊन तीन.

तो जायच्या चार महिने आधी मी त्याच्याकडं गेलो होतो. दर ईदला जायचो तसा नाही, मधेच. बायकोची कात्री धारेला द्यायची हे निमित्त. खरं म्हणजे लोकांनी सांगितलं होतं की भाईचं आता काही खरं नाही, आणि मी रस्ताभर ठरवत गेलो होतो की आज सांगायचं. दुपारची वेळ, ओट्यावर ऊन आलेलं. भाई पार वाळला होता. पायानं चाक फिरवत त्यानं कात्री दगडाला लावली. मग चाक थांबवलं.

"जोत्या, एक इचारू? त्या दिवशी तू 'उभं धरून' म्हणाला न्हाईस. मी इचारू नगंस म्हणालो, ते खरं. पण तू ऐकणारा गडी न्हवंस. तू इचारलं असतंस. का न्हाई इचारलंस?"

आत जैतूनभाभी चहा गाळत होती. भांड्याचा आवाज थांबला.

बावीस वर्षांत मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. आता मी सांगतोय म्हणून तुम्हाला वाटेल की त्याला सांगणं सोपं होतं. समोर तो हात होता. दोन बोटांचा, कात्रीचा नुसता दांडा कसाबसा दाबून धरलेला. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ठरवून आणलेले नव्हते.

"सुचलंच न्हाई भाई," मी म्हटलं. "मला कुठलं आलंय तेवढं डोकं."

भाईनं श्वास सोडला. इतका मोठा, की छातीचा पिंजरा हललेला दिसला. मग तो हसला, पूर्वी गिऱ्हाईकासमोर हसायचा तसाच.

"तेच म्हणतोय मी. ही बया बावीस वर्षं माझ्या मागं लागलीय, म्हणती जोतीरामला ठावं होतं. मी तिला सांगतो, न्हाई, हात सोन्याचे हाईत त्याचे, पण डोकं न्हाई. डोकं असतं तर मला मरायला सोडलं असतं व्हय त्यानं?"

मीही हसलो. हसावं लागलं.

जैतूनभाभी बाहेर आली. तिनं एक कप भाईच्या डाव्या हाताशी ठेवला, एक माझ्यापुढं. ती हसली नाही. माझ्याकडं सरळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या भावजी, गार होतोय."

मी कप उचलला आणि पूर्ण संपेपर्यंत खाली ठेवला नाही, कारण ठेवला असता तर तिच्याकडं बघावं लागलं असतं.